सुरात लावलेली फीत

साडू निवडायची सोय असती, तर वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाने हा निवडला नसता. बायको माणूस पाहून करतो. मेहुणी तिच्याबरोबर आपोआप येते आणि बहुधा बरीच असते. मेहुणीचा नवरा मात्र कोणी विचारून पाठवत नाही. व्यवस्थापकाच्या वाट्याला आला तो संगीतकार निघाला, आणि साधा संगीतकार असता तरी चाललं असतं. साधा संगीतकार वाद्यांसाठी लिहितो, वादक कुरकुरत वाजवतात, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. हा वाद्यं आणि यंत्रं एकत्र करायचा. वर सभागृहात सत्तर-ऐंशी माणसं वाजवत असायची, आणि त्यांच्या डोक्यावर लावलेल्या कर्ण्यांतून तळघरात तयार केलेले आवाज यायचे. ते ऐकून नवख्या माणसाला वाटावं की इमारतीचं नळकाम बिघडलं आहे.

याची सुरुवात वाद्यवृंदातच झाली होती. चेलोवाल्यांच्या शेवटच्या खुर्चीवर तो बसायचा. तेव्हाचा कंडक्टर शांत स्वभावाचा होता. त्याने एकदा याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हात सगळ्यांबरोबर हलू द्या. आवाज नाही आला तरी चालेल." काही वर्षं याने तसंच केलं. मग संस्थेच्या विश्वस्तांना कोणीतरी सांगितलं की हल्ली बऱ्या संस्थांकडे ध्वनीचा स्टुडिओ असतो, म्हणून त्यांनी तळघरात एक खोली करून दिली. सूर काढणारी यंत्रं आली, फिती फिरवणारी कपाटाएवढी यंत्रं आली, भिंतींना गाद्या लागल्या. हा एकदा खाली बघायला गेला आणि वर यायचं विसरला.

खाली त्याला बरं वाटलं, याचं कारण व्यवस्थापकाच्या मते सरळ होतं. स्टुडिओतल्या कोणाला स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे तिथे हा वाद्यवृंदातला जाणकार ठरला. वर कोणाला दोन वायरी जोडता येत नव्हत्या, त्यामुळे वर हा शास्त्रज्ञ झाला. खाली काही अडलं की म्हणायचा, "वाद्यवृंदात आम्ही हे असं करतो." वर अडलं की म्हणायचा, "स्टुडिओत आम्ही हे असं करतो." दोन्हीकडचे लोक गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याला हा मान समजायचा. त्याच्या माघारी वरचे लोक त्याला वायरमन म्हणायचे आणि खालचे वाजंत्री. घरात बायकांनी वायरमन उचललं, आणि तेच नाव पडलं.

वायरमनची पहिली मोठी रचना तंतुवाद्यं आणि तीन कर्णे यांच्यासाठी होती. व्हायोलिनवाल्यांनी कानात कापूस घालून ती वाजवली. समीक्षकाने लिहिलं की वादकांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच अंतर्मुखता होती. दुसऱ्या रचनेसाठी वायरमनने तालमीच्या आधीचा अर्धा तास गुपचूप मुद्रित केला. सूर लावणं, खुर्च्या सरकवणं, खोकणं, शिंकणं. त्या फितीचे ब्लेडने तुकडे करून, उलटेसुलटे चिकटवून त्याने एक नवीन फीत बनवली आणि तिच्याबरोबर त्याच माणसांना वाजवायला बसवलं. ट्रॉम्बोनवाल्याने तालमीत एकदम हात वर केला.

"हा माझा खोकला आहे."

"होता," वायरमन म्हणाला. "आता तो ध्वनी आहे."

"मग मी त्या वेळी काय करायचं?"

"तुम्ही त्याला उत्तर द्यायचं."

"माझ्याच खोकल्याला?"

त्यानंतर आठवडाभर संस्थेत कोणी खोकलं की तीन माणसं उत्तर द्यायची. वायरमनला यातला चेष्टेचा भाग कळला नाही. त्याने मुलाखतीत सांगितलं की वादक हळूहळू त्याची भाषा आत्मसात करू लागले आहेत. मुलाखतीबरोबर फोटो होता, त्यात फितीच्या यंत्राला चेलो टेकवून ठेवला होता आणि दोघांच्या मधे हा हाताची घडी घालून उभा होता. खाली त्याचं वाक्य होतं, "मी दोन किनाऱ्यांमधला पूल आहे."

"पूल चांगलाच," व्यवस्थापक वर्तमानपत्र बायकोकडे सरकवत म्हणाला. "फक्त इकडून तिकडे कोणी जात नाही आणि तिकडून इकडे कोणी येत नाही."

"तुम्हाला तो आवडत नाही, एवढंच सांगा ना," बायको म्हणाली.

व्यवस्थापकाला तो आवडत नव्हता हे खरं होतं, पण त्याचं कारण संगीत नव्हतं. व्यवस्थापक वाणिज्य शाखेचा पदवीधर होता, संगीतातलं त्याला बेतानेच कळायचं, आणि तसं तो कबूलही करायचा. मैफलीच्या दिवशी खुर्च्या जागेवर, स्टँड जागेवर आणि माणसं वेळेवर, एवढं जमलं की त्याचं काम झालं. त्यात एखादी खुर्ची कमी पडली तर तो म्हणायचा, "माझी चूक," आणि खुर्ची आणायचा. या साडूच्या तोंडून हे दोन शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. कर्णा बंद पडला, तर तो शांततेचा भाग. वादक चुकला, तर तो योगायोगाला दिलेला वाव. घरी चहात साखर घालायची राहिली, तरी मेहुणीला ऐकावं लागायचं की गोडी ही सवय आहे. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

अशी वर्षं गेली. वायरमनचे केस पांढरे झाले, खालची यंत्रं जुनी झाली, तिथे काम करणारे एकेक करून निघून गेले. शेवटी स्टुडिओत वायरमन आणि यंत्रं सांभाळणारी एक बाई, एवढेच उरले. बाई तोंडाने फटकळ होती आणि तिला दुसरीकडे सहज काम मिळालं असतं, पण तिला ती यंत्रं आवडायची.

मग संस्थेला नवीन अध्यक्षबाई आल्या. त्यांनी पहिल्याच फेरीत तळघर पाहिलं आणि व्यवस्थापकाला विचारलं, "वर मोठी वाद्यं जिन्याखाली ठेवली आहेत, आणि इथे एवढी कोरडी खोली अडवून बसलंय कोण?"

व्यवस्थापकाने सांगितलं. अध्यक्षबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी वायरमनला बोलावलं आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट सांगितलं, "मला यातलं कळत नाही, म्हणून मी आधीच ठरवत नाही. एक कार्यक्रम करा. सगळे विश्वस्त येऊन ऐकतील. वाद्यवृंदाला या खोलीची गरज आहे असं त्यांना वाटलं, तर स्टुडिओ कायमचा वाद्यवृंदाला जोडून टाकू, नवीन यंत्रंही घेऊ. नाही वाटलं, तर खोली रिकामी करू आणि यंत्रं भंगारात काढू."

त्या संध्याकाळी मेहुणी व्यवस्थापकाच्या घरी आली. चपला काढायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"भाऊजी, काहीही करा, पण त्यांना चांगली तारीख द्या. तालमी भरपूर द्या."

"खोलीचं एवढं काय घेऊन बसलीस?"

"खोलीचं नाही हो. त्यांचं दुसरं काहीच नाही. वाद्य कधीच सुटलं. नुसतं कागदावर लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे खूप आहेत, हे त्यांनाही कळतं. ती खोली गेली तर ते कोण?"

व्यवस्थापकाच्या मनात उत्तर आलं होतं, पण मेहुणीसमोर ते बोलण्यासारखं नव्हतं. त्याने हंगामातली सर्वांत चांगली तारीख दिली आणि नेहमीपेक्षा जास्त तालमी दिल्या. वायरमनने आभार मानले नाहीत. "दादा, तुमच्या हातून यानिमित्ताने काहीतरी मोठं घडतंय," एवढंच म्हणाला.

नवीन रचना लांबलचक होती, अर्ध्या तासाहून मोठी. फीत पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत चालायची, आणि वाद्यवृंदाने तिच्याबरोबर जायचं. फीत काही कंडक्टरच्या काठीकडे बघत नाही, म्हणून कंडक्टरपुढे सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ ठेवलं होतं. स्वरलिपीत जागोजागी वेळ लिहिलेली होती. अमुक वेळेला फितीतली घंटा, त्याच क्षणी मोठा ढोल. अमुक वेळेला फितीतला गडगडाट, त्याच क्षणी सगळे ट्रंपेट. शेवटी फक्त तंतुवाद्यं आणि फितीतला एक लांब सूर, दोन्ही विरत विरत एकत्र संपायचे. कंडक्टर नवा, तरुण आणि कष्टाळू होता. त्याने सेकंद न् सेकंद पाठ केला.

पहिल्याच तालमीत वेगळीच अडचण निघाली. फीत आणि वाद्यवृंद एका सुरात नव्हते. वायरमनने खाली सगळे सूर आपल्या एका जुन्या नादकाट्यावरून लावले होते, आणि वरचा वाद्यवृंद मधल्या वर्षांत हळूहळू वरच्या पट्टीत सरकला होता. फरक मोठा नव्हता, पण ऐकताना दात शिवशिवायचे.

"वाद्यवृंदाने खाली यावं," वायरमनने फर्मावलं.

तंतुवाद्यांनी तोंडं वाकडी करून तारा सैल केल्या. ओबो ही लाकडी पिपाणी फुंकणारा ओबोवाला म्हातारा होता. तो हलला नाही.

"माझं लाकूड आहे. ते सैल होत नाही."

"प्रयत्न तरी करा."

"करतो की. नळी कापून लांब करून देता का?"

"कापून लांब कशी होईल?"

"तेच म्हणतोय मी."

हशा झाला. पुढच्या प्रत्येक तालमीत हाच वाद. विशेष म्हणजे फितीचा सूर बदलता येईल का, हे वायरमनला कोणी विचारू शकत नव्हतं, कारण फीत पूर्ण झाली आहे असं त्याने पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं. कंडक्टर बिचारा घड्याळाकडे बघत आणि कान मिटल्यासारखा चेहरा करून तालमी घेत राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वायरमन एकटाच सभागृहात आला. फितीचं यंत्र प्रेक्षागृहाच्या मागे मांडून ठेवलं होतं. ओबोवाला रंगमंचावर सराव करत होता. वायरमनने त्याला लांब सूर धरायला सांगितलं, फीत सुरू केली आणि यंत्रावरचं वेगाचं गोल बटण हळूहळू फिरवू लागला. वेग वाढला की सूर चढतो. फितीतला सूर वर सरकत सरकत ओबोच्या सुराला जाऊन मिळाला. ओबोवाल्याने भुवया उंचावल्या आणि मान डोलावली. व्यवस्थापक तेव्हा खुर्च्यांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या लावत होता. त्याच्याही कानाला बरं वाटलं.

"इतके दिवस हे का नाही केलंत?" त्याने विचारलं.

"वाद्य कार्यक्रमाच्या आधीच सुरात लावायचं असतं, दादा," वायरमन ऐटीत म्हणाला. तो बटण तिथेच ठेवून कपडे बदलायला निघून गेला. यंत्रवाली बाई संध्याकाळी आली. बटण फिरवलेलं तिला दिसलं. साहेबांनी फिरवलं म्हणजे कंडक्टरला सांगितलंच असणार, असं ती समजली. कंडक्टरला कोणीही काहीही सांगितलं नव्हतं.

चूक काय झाली ते व्यवस्थापकाला नंतर बाईने समजावलं, आणि समजल्यावर त्याला बराच वेळ हसावं की रडावं कळेना. व्हायोलिन सुरात लावलं म्हणून गाणं लवकर संपत नाही. फीत सुरात लावली की संपतं, कारण ती भरभर फिरते. हे स्टुडिओतल्या झाडूवालीलाही ठाऊक असतं. आणि एक सेकंद इकडचा तिकडे झाला तर ढोल चुकतो, हे वाद्यवृंदातल्या ढोलवाल्याला ठाऊक असतं. दोन्ही ठाऊक असलेला माणूस संस्थेत एकच होता. नेमका त्यानेच त्या दुपारी फितीला व्हायोलिन समजून खुंटी पिळली. उभं आयुष्य पूल म्हणून मिरवला, आणि त्यावरून स्वतः चालायची वेळ आली तेव्हा मधोमध पाय घसरला.

संध्याकाळी सभागृह भरलं. विश्वस्त पुढच्या रांगेत, मेहुणी त्यांच्या मागे, व्यवस्थापक नेहमीप्रमाणे सर्वांत मागे, यंत्रवाल्या बाईच्या शेजारी उभा. सुरुवात छान झाली. फीत आणि वाद्यवृंद पहिल्यांदाच एका सुरात वाजत होते, आणि पुढच्या रांगेतल्या एक-दोन माना हलल्याही. थोड्या वेळाने फितीतली घंटा वाजली आणि पाठोपाठ, जरासा दमून आल्यासारखा, ढोल वाजला. पुढची घंटा अजून आधी आली. गडगडाट झाला तेव्हा ट्रंपेटवाले तोंडाला ट्रंपेट लावून घड्याळाकडे बघत बसले होते. कंडक्टरच्या मानेवर घाम दिसायला लागला. त्याच्याकडे घड्याळ होतं, स्वरलिपी होती, आणि दोन्ही बरोबर होतं.

यंत्रवाली बाई पुटपुटली, "संपतेय."

"काय?"

"फीत, दुसरं काय? तुमचे लोक अजून बरेच मागे आहेत."

फितीचं शेवटचं टोक चाकावरून सुटून गरगर फिरलं. बाईने यंत्र बंद केलं. कर्णे गप्प झाले. रंगमंचावर फक्त तंतुवाद्यं उरली. ती फितीखाली भरणा म्हणून लिहिलेली होती, साधी, लांब, एकमेकांत मिसळणारी. वायरमनने त्यांचा फारसा विचारही केला नसणार. ती उघडी पडली आणि जवळजवळ मिनिटभर एकटीच वाजत राहिली. कंडक्टर काटा बघत ती शेवटापर्यंत घेऊन गेला. सभागृहात कोणी हललं नाही. व्यवस्थापकाच्या अंगावर काटा आला, आणि त्याचा त्याला संताप आला. वायरमनच्या सगळ्या कारकिर्दीतला ऐकण्यासारखा भाग हाच होता, आणि तो कसा झाला हे वायरमनला त्या क्षणी समजलंही नसावं.

टाळ्या खूप झाल्या. वायरमन रंगमंचावर गेला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. परत खाली येईपर्यंत त्याला रंग चढला होता. अध्यक्षबाईंनी त्याचा हात हातात घेतला.

"शेवट फार सुंदर. यंत्रं थांबतात आणि वाद्यं उरतात. मला एकदम कळलं तुम्हाला काय म्हणायचंय."

व्यवस्थापक जवळच उभा होता. वायरमन किंचित थांबला. खरं सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं. मग त्याने मान तिरकी केली.

"यंत्राने मागे सरावं आणि माणसाने उरावं," तो म्हणाला. "या शेवटापर्यंत यायला मला सगळं आयुष्य लागलं."

शेजारच्या वार्ताहराने ते टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने त्याला आपल्या खोलीत बोलावलं. यंत्रवाली बाई आधीच येऊन बसली होती. व्यवस्थापकाने दार लावलं.

"साडूबुवा, अजून वेळ गेलेली नाही. विश्वस्तांची बैठक उद्या आहे. सांगा की दुपारी वेग वाढवला, कंडक्टरला कळवायचं राहिलं. मी पुन्हा तारीख देतो. दोन्ही नीट जुळून वाजेल आणि मग ते ठरवतील."

"काय राहिलं?" वायरमन म्हणाला.

"कळवायचं."

"दादा, तुम्ही टाळ्या ऐकल्या नाहीत का?"

"ऐकल्या. त्या कशाला होत्या तेही ऐकलं. तुमची यंत्रं बंद पडली त्याला होत्या."

बाई म्हणाली, "साहेब, मी सांगते त्यांना. मीच बटण बघितलं नाही म्हणून सांगते. चूक माझ्या नावावर जाऊ दे. खोली तरी राहील."

व्यवस्थापकाला वाटलं, आता तरी. इतकं सोपं करून दिल्यावर दगडही हो म्हणेल. वायरमनने बाईकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"चूकच नाही, तर ती नावावर कशी घ्याल? तुम्हाला तो शेवट कळलाच नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून."

बाई उठली आणि निघून गेली. तिने दार आपटलंही नाही.

"तुम्ही बोलणार का?" वायरमनने दाराकडे बघत हळूच विचारलं.

"मी साडू आहे तुमचा," व्यवस्थापक म्हणाला. "मी बोललो तर लोक म्हणतील जळतो. आणि खरं सांगू? मला तुमच्यासाठी तोंड उघडायचाही कंटाळा आलाय."

बैठक लांबली नाही. अध्यक्षबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे ठेवलं आणि यंत्राने मागे सरण्याचं ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. मग वायरमनकडे वळून त्या आपुलकीने म्हणाल्या, "आम्ही काय ठरवणार? तुम्हीच ठरवून दिलंय. तरी एकदा विचारते. स्टुडिओ तुमचा आहे. तुम्हाला तो पुढे लागेल का?"

वायरमनने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. व्यवस्थापक इतिवृत्त लिहायला बसला होता. त्याने लेखणी थांबवली. पलीकडे एक विश्वस्त चष्मा पुसत होते, दुसरे घड्याळ बघत होते. कोणीही त्याच्या विरुद्ध नव्हतं. तोंडातून एक 'हो' निघाला असता, आणि त्याच्यामागे कारण म्हणून खरं काय ते निघालं असतं, तर खोली त्याची होती.

"प्रश्न लागण्या-न लागण्याचा नाही," वायरमन म्हणाला. "कलावंताने आपल्या विधानाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे."

"वा," चष्मा पुसणारे विश्वस्त म्हणाले.

खोली रिकामी करण्याचा ठराव एकमताने झाला. अध्यक्षबाईंनी त्याला सन्माननीय संगीतकार असं पदही देऊ केलं. त्या पदाला काम नव्हतं आणि बसायला जागा नव्हती. बैठक उठली, खुर्च्या सरकल्या, माणसं बोलत बोलत जिन्याकडे गेली. वायरमन तिथेच राहिला. तो टेबलाला वळसा घालून व्यवस्थापकाच्या मागे येऊन उभा राहिला आणि खांद्यावरून वाकून इतिवृत्त वाचू लागला. व्यवस्थापकाला वाटलं, आता बोलेल. जिन्यात अजून पावलं वाजत होती, हाक मारली असती तर सगळे परत आले असते.

"दादा," वायरमन कागदावर बोट ठेवून म्हणाला, "इथे माझं वाक्य अर्धंच लिहिलंय तुम्ही."

व्यवस्थापकाने ते पूर्ण लिहिलं.